टर्बो बदलण्याआधी २१ वॅटचा बल्ब लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ची डिझेल गाडी, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. पुण्यात नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना अचानक पिकअप जातो, चेक लाइट लागतो, गाडी ६०च्या पुढे सरकत नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की जसं काही झालंच नव्हतं. स्कॅनरवर पी ००४५, म्हणजे बूस्ट कंट्रोल सर्किट ओपन (बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो ती जादा हवा), आणि कधी कधी सोबत पी ०२९९. बूस्टचा सोलेनॉइड (बूस्ट कमी-जास्त करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) नवा टाकला, आठवड्यात कोड परत. आता गॅरेजवाले म्हणतात टर्बोच गेलाय, ४५ हजार तयार ठेवा. टाकू का?

नका टाकू. निदान खाली लिहिलंय ते होईपर्यंत तरी नका.

मी २७ वर्षं गाड्यांचं वायरिंग बघतोय. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो, नाना पेठेत एका वस्तादांच्या हाताखाली चार वर्षं काढली, आता धायरीला स्वतःचं लहानसं दुकान आहे. टर्बो मी उघडत नाही आणि विकतही नाही, त्यामुळे तो बदलण्यात मला काही मिळत नाही आणि न बदलण्यातही काही मिळत नाही. एवढं सांगून मुद्द्यावर येतो.

तुमच्या स्कॅनरवर दोन कोड आलेत आणि ते एकत्र आले म्हणून सगळ्यांनी त्यांची मोट बांधली. पी ०२९९चा अर्थ, ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. हे कशानेही होतं: इंटरकूलरचा पाइप फाटला, क्लिप ढिली झाली, व्हॅक्यूमची नळी सुकून तडकली, टर्बोच्या व्हेन (आतल्या हलत्या पाती) काजळीने अडकल्या, किंवा खरंच टर्बो गेला. पी ००४५चं तसं नाही. हा कोड टाकताना ईसीएमने हवेकडे बघितलेलंच नसतं. त्याने फक्त एका वायरकडे बघितलेलं असतं. टर्बोची चाकं झिजून त्यातून ऑइल गळत असलं तरी व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सिस्टीममध्ये त्यामुळे पी ००४५ येत नाही. सोलेनॉइड, दोन वायरी, कपलर (वायरी जोडायचा प्लग), फ्यूज आणि ईसीएम एवढीच या कोडची हद्द. (तुमच्या टर्बोवरच व्हेन हलवणारा, मोटर असलेला इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्च्युएटर असेल, म्हणजे कपलरमध्ये दोनऐवजी पाचेक वायरी दिसतील, तर हा हिशेब बदलतो. पण तुम्ही सोलेनॉइड बदलला म्हणताय, म्हणजे तुमची दोन वायरींची जात आहे.)

ईसीएम वायरकडे बघतो म्हणजे काय करतो, हे एकदा समजून घ्या, पुढची निम्मी डोकेदुखी कमी होईल. सोलेनॉइडच्या एका पिनला फ्यूजमधून १२ व्होल्ट कायम मिळतात. दुसरी पिन थेट ईसीएमकडे जाते. ईसीएमच्या आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच आहे, तो ही दुसरी वायर सेकंदाला शे-दोनशे वेळा किंवा जास्त वेळा अर्थला लावतो आणि सोडतो. किती वेळ लावून ठेवायची आणि किती वेळ सोडायची, यावर टर्बोच्या व्हेन हलवणारा व्हॅक्यूम (हवेचं शोषण) किती पुढे जाणार ते ठरतं. आता गंमत बघा. स्विच सुटलेला असताना ईसीएमला त्या वायरवर बॅटरीएवढा व्होल्टेज दिसायला हवा, कारण १२ व्होल्ट कॉइलमधून फिरून तिथपर्यंत आलेले असतात. नाही दिसला, तर तो समजतो की वाट कुठेतरी तुटली. वायर अर्थला टेकली असेल तरी व्होल्टेज दिसत नाही, आणि मग गाडीनुसार पी ००४७ येतो. उलट स्विच लावलेला असताना प्रमाणाबाहेर करंट आला तर पी ००४८, म्हणजे वायर प्लसला टेकली किंवा कॉइल आतून शॉर्ट झाली. तुम्हाला पी ००४५ आलाय. म्हणजे वाट तुटतेय, आणि चावी फिरवल्यावर परत जुळतेय.

आता वाट तुटल्यावर पिकअपच का जातो? कारण बहुतेक व्हॅक्यूम सिस्टीममध्ये करंट गेला की सोलेनॉइड अ‍ॅक्च्युएटरमधला व्हॅक्यूम सोडून देतो आणि टर्बोच्या व्हेन उघड्या पडतात. उघड्या व्हेन म्हणजे कमी बूस्ट. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम तसं ठेवलंय, की वायर तुटली तर गाडी रडेल पण इंजिन फुटणार नाही. वर ईसीएम लिंप मोड, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठीची लंगडी चाल, टाकून डिझेलही कमी करतो. आणि बूस्ट कमी पडला की मागोमाग पी ०२९९ हजर. म्हणजे तुमच्या बाबतीत दुसरा कोड हे पहिल्याचं पोर असण्याची शक्यता मोठी आहे. टर्बोचं ४५ हजारांचं निदान त्या पोराकडे बघून झालंय.

‘चावी बंद-चालू केली की ठीक होतं, म्हणजे इलेक्ट्रिकलच’ असंही मी म्हणणार नाही. व्हेन अडकल्या तरी बंद-चालू केल्यावर लिंप मोड निघून जातो. फरक कळतो तो फ्रीझ फ्रेममधून. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, स्पीड किती, हे ईसीएम नोंदवून ठेवतो. पी ०२९९ जवळपास नेहमी दोन-अडीच हजार आरपीएमला, पाय दाबलेला असताना पडतो. पी ००४५ कुठेही पडतो: सिग्नलला उभं असताना, खड्ड्यात चाक आपटल्यावर, सोसायटीच्या स्पीड ब्रेकरवर. तुमच्या पी ००४५ची फ्रीझ फ्रेम काय म्हणते ते आधी वाचा. गॅरेजमध्ये पहिलं काम कोड पुसायचं करतात, आणि पुसला की ही नोंदही गेली. फोनवर फोटो काढा, मग काय ते पुसा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय की कपलर काढून मीटर लावला तेव्हा १२.४ व्होल्ट होते, वायरला बीपही वाजली, म्हणून वायरिंग ओके ठरवलं. इथेच गाडी रुळावरून उतरली.

मल्टीमीटर करंट जवळजवळ घेतच नाही. तांब्याच्या वीस तारांपैकी एक शाबूत असली तरी तो पूर्ण १२.४ दाखवतो. कळंक चढलेल्या पिनमधूनही दाखवतो. सोसायटीतले सगळे नळ बंद असताना पाइपात प्रेशर भरपूर असतं, नळ सोडला की करंगळीएवढी धार येते, तसंच हे आहे. बीपचं तर विचारूच नका. बीपला एक केसाएवढी तार पुरते. सोलेनॉइडला मात्र खरा करंट लागतो. १५ ओहमची कॉइल असेल तर साडेबारा व्होल्टला ०.८ अँपिअरच्या आसपास. तेवढा करंट त्या वाटेने जातो का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मीटर एकटा देऊ शकत नाही.

म्हणून माझ्या खिशात कायम एक २१ वॅटचा बल्ब असतो, इंडिकेटरचा, दोन वायरी सोल्डर केलेला. हा पावणेदोन अँपिअर खातो, सोलेनॉइडच्या दुपटीहून जास्त. जी वायर हा बल्ब झगझगीत पेटवते ती सोलेनॉइड नक्की चालवते.

एक उदाहरण सांगतो, तुमच्या केसशी बरंच मिळतंजुळतं आहे आणि त्यात माझी लाज आहे. चारेक वर्षांपूर्वी जुलैमध्ये नऱ्ह्याहून एक सात सीटर डिझेल आली. कुटुंब दर महिन्याला गावी साताऱ्याला जायचं, आणि खंबाटकीत हटकून गाडी बसायची. तीन सोलेनॉइड बदलून झाले होते, तिन्ही डिकीत पिशवीत ठेवलेले. मी तिन्हींची कॉइल मोजली, १४.८, १५.१, १५ ओहम. तिन्ही चांगले. मालक कपाळाला हात लावून बसले, पण मी त्यांना म्हटलं की तुमचे पैसे अगदीच पाण्यात नाही गेले, यातून सोलेनॉइड निर्दोष आहे एवढं सिद्ध झालं.

कपलर काढला, चावी ऑन केली, सप्लायच्या पिनला मीटर: १२.४. सगळ्यांना तेच दिसलं होतं. मग मीटर तसाच ठेवून त्याच पिनला बल्ब लावला, बल्बचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला. बल्ब लागला खरा, पण देवघरातल्या निरांजनासारखा. मीटर १२.४वरून धाडकन ६.१वर आला. म्हणजे सव्वासहा व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. फ्यूजच्या दोन्ही डोक्यांवर तोच बल्ब लावला, तर लख्ख. म्हणजे फ्यूजपर्यंत सगळं ठीक, दोष फ्यूज ते कपलर. त्या गाडीत त्याच फ्यूजवर ईजीआरही (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) होता आणि त्याचा एकही कोड नव्हता. म्हणजे जिथे वायर दोन फाट्यांत फुटते त्याच्याही पुढे, फक्त बूस्टच्या फाट्यात. दोन मीटरचं हार्नेस (टेपमध्ये गुंडाळलेली वायरींची जुडी) बघायचं होतं ते असं ६० सेंटिमीटरवर आलं, आणि अजून एकही टेप सोडलेली नव्हती.

मग बल्ब पेटता ठेवून दुकानातल्या पोराला त्याच्याकडे बघत बसवलं आणि मी हार्नेस वीतभर वीतभर हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेमागे, जिथे ते वळून फायरवॉलकडे जातं, तिथे पोरगा ओरडला, ‘गेला!’ टेप सोडली. वायर वरून अगदी नवी, कुठे कापलेली नाही, घासलेली नाही. पण बोटांत धरून वाकवली की धडधाकट वायर परत उसळी मारते, ही नाही मारायची. शिजलेल्या शेवईसारखी लोंबत होती. हलकेच ओढली तर रबरासारखी लांबली. आत तांबं नव्हतंच उरलं. इन्सुलेशन चिरलं तर हिरवी भुकटी बाहेर पडली आणि मधे दोन-तीन काळ्या तारा एकमेकींना टेकलेल्या. खड्ड्यात त्या सुटायच्या, चावी बंद करून माणूस खाली उतरून बोनेट आपटेपर्यंत परत टेकायच्या.

आणि त्या भुकटीच्या बरोबर वर इन्सुलेशनला सुईच्या टोकाएवढं एक भोक.

ते भोक माझं. वहीत सापडलं. त्याच्या तीन वर्षं आधी तीच गाडी ईजीआरच्या तक्रारीसाठी माझ्याकडेच आली होती. ईजीआरच्या कपलरपर्यंत हात जाईना, म्हणून त्याच फ्यूजवरची ही वर दिसणारी वायर मी पिनने टोचून व्होल्टेज बघितला होता. टोचून झाल्यावर वरून काळी टेप मारली, म्हटलं झालं. तीन पावसाळे पाणी त्या भोकातून आत शिरलं. तांब्याच्या बारीक तारांमधून ते दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं चढत जातं आणि करंट असेल तिथे काट वेगाने वाढतो. मजुरी घेतली नाही, हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून माझ्या दुकानात वायर टोचायला बंदी आहे. पोरांना मागच्या बाजूने कपलरमध्ये जाणारी बारीक, लवचीक पिन घेऊन दिलीय. जाडी टोकं पुढून पिनमध्ये घुसवायलाही बंदी, कारण त्याने सॉकेट पसरतं आणि नवा ओपन सर्किट आपणच तयार करतो. तुमच्या गाडीवर आधी ज्यांनी काम केलं, त्यांनी कुठे टोचलंय का, कुठली टेप नंतरची वाटते, हे डोळ्यांनी आधी शोधा. कंपनीची टेप कापडी आणि मळकट असते, नंतरची चकचकीत असते.

तर तुमच्या गाडीवर काय करायचं. सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीची १२.६च्या आसपास हवी, १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील. मग सोलेनॉइड. कॉइलचा रेझिस्टन्स तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. व्हॅक्यूमवाल्या बऱ्याच डिझेलमध्ये तो ११ ते २० ओहमच्या दरम्यान कुठेतरी असतो, काही पेट्रोल टर्बोंमध्ये २५ ते ३५ पण बघितलाय, त्यामुळे माझा आकडा तुमच्या गाडीवर चिकटवू नका. थंड असताना मोजा, मग हेअर ड्रायरने गरम करून मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. २५ अंशांना १५ असलेली कॉइल ८५ अंशांना साडेअठरा दाखवणार, त्याला बिघाड म्हणत नाहीत. गरम झाल्यावर मीटर एकदम अनंत दाखवायला लागला तर बिघाड. तुमचा सोलेनॉइड नवा आहे, तरी मोजाच. नव्या वस्तूवर डोळे झाकून विश्वास मी सोडून दिलाय, विशेषतः डबा ओरिजिनल आणि आतला माल भलताच असण्याच्या या दिवसांत.

मग वर सांगितला तसा सप्लायच्या पिनवर बल्ब. चावी ऑन पाहिजे. बल्ब पेटलेला असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं त्या पिनवर ठेवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गळताहेत. ०.२ आला तर नाक मुरडू नका. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर शोध सुरू करा.

ईसीएमकडच्या वायरला हा बल्ब तसाच लावू नका, हे ठळक लक्षात ठेवा. थंड बल्ब पहिल्या क्षणी त्याच्या नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि ईसीएममधला तो स्विच त्यासाठी बनवलेला नाही. ती वायर वेगळी तपासायची. चावी काढून पाचेक मिनिटं थांबा, ईसीएम झोपू दे, बॅटरीची मायनस काढा, मग ईसीएमचा कपलर काढा. आता वायरची दोन्ही टोकं मोकळी आहेत. बाहेरच्या एका बॅटरीवरून, मधे लहान फ्यूज घालून, एका टोकाला १२ व्होल्ट द्या आणि दुसऱ्या टोकाला बल्ब लावून त्याचं उरलेलं टोक त्याच बॅटरीच्या मायनसला. लख्ख पेटला तर वायर शाबूत. पेटता ठेवून हार्नेस हलवा. हलवताना तीन जागा सोडू नका: बॅटरीच्या ट्रेखालची, हार्नेस इंजिनवरून बॉडीवर येतं ती (इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, वायर मधे मरते), आणि टर्बोच्या गरम बाजूजवळची. त्याच बैठकीत मीटरने ती वायर बॉडीशी कुठे टेकत नाही ना, तेही बघून घ्या.

कपलरच्या पिना हा वेगळा विषय आहे. बाहेरून चकाचक दिसणारा सॉकेट आतून सैल असू शकतो. त्याच मापाची सुटी पिन घ्या आणि एकेका सॉकेटमध्ये घालून काढून बघा. घट्ट सॉकेट पिन धरून ठेवतं, सैल सॉकेटमधून ती आपल्या वजनाने गळून पडते. यासाठी मी नाना पेठेतून जुने कपलर किलोने आणून पिना काढून ठेवल्यात, डबाभर. सोलेनॉइड तुम्ही बदललात तेव्हा कपलरचं लॉक तुटलं का तेही बघा. लॉक तुटलेला कपलर केबल टायने बांधून ठेवलेला मी आठवड्यातून एकदा तरी बघतो.

एवढं होऊनही काही सापडलं नाही तरच ईसीएमच्या हुकमाकडे वळा. साध्या ब्लूटूथ डोंगलने भागणार नाही. अ‍ॅक्च्युएटर टेस्ट करणारा स्कॅनर लागेल. सोलेनॉइड जोडलेला असताना टेस्ट चालवा आणि मागून पिन लावून सोलेनॉइडच्या दोन पिनांमधला व्होल्टेज बघा. ५० टक्के ड्युटीला, म्हणजे वायर निम्मा वेळ अर्थला असताना, मीटर साधारण बॅटरीच्या निम्मे दाखवेल, कारण तो सरासरी काढतो. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, चौकोनी लाटा स्वच्छ आहेत का, खाली शून्याला टेकतात का, ते दिसतं. कपलर सुटा असताना ईसीएमच्या पिनवर मधलेच काही व्होल्ट दिसले तर घाबरू नका, काही ईसीएम तपासणीसाठी स्वतःच तिथे थोडा व्होल्टेज ठेवतात. ईसीएम खराब निघणं हे माझ्या अनुभवात अगदी शेवटचं असतं. ‘ईसीएम गेलाय’ हे वाक्य मात्र बऱ्याचदा सगळ्यात आधी ऐकू येतं.

दोष पुण्यात कुठून येतो याचा माझा स्वतःचा अंदाज सांगतो. पावसाळ्यात उंदीर. बेसमेंट पार्किंगच्या सोसायट्यांमधून येणाऱ्या गाड्यांत इंजिनावर लेंड्या आणि डाळिंबाच्या साली सापडतात. गरम इंजिन त्यांना आयतं घर. लोक बोनेटखाली तंबाखूची पानं लटकवतात. त्याने किती फरक पडतो माहीत नाही, पण वास मला सहन होत नाही. दुसरं, खंडेनवमी. बोनेट उघडून प्रेशरने इंजिन धुतात, झेंडूचा हार घालतात, आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे रांग लागते. पाणी मारायचंच असेल तर कपलरवर आणि फ्यूज बॉक्सवर नको.

वायर सापडली तर दुरुस्ती नीट करून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी परत इथेच याल. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं. काळं तांबं सोल्डर धरत नाही, आणि काळेपणा दोन-दोन बोटं आतपर्यंत गेलेला असतो. त्याच जाडीची ऑटोची वायर घाला, घरातली नाही. जोड क्रिम्प करा किंवा सोल्डर करा, दोन्ही चालतं, पण वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह हवीच. दोन वायरींचे जोड शेजारी शेजारी ठेवू नका, आणि वळणावर जोड नको. पीळ मारून काळी टेप गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. नऱ्ह्याच्या गाडीत मी ४० सेंटिमीटर वायर बदलली आणि त्याच बल्बवर गळती ०.०८ व्होल्ट आली.

त्यानंतरही पी ०२९९ एकटा उरला, तरच हवेच्या बाजूला वळा. तिथे पुण्यातल्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) बघा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत, इथे ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवं. मुंबईत हाच सेन्सर १०० ते १०१ दाखवेल, महाबळेश्वरला ८६-८७. मॅन्युअलमध्ये १०१ लिहिलंय म्हणून पुण्यात ९५ दाखवणारा चांगला सेन्सर बदललेला मी बघितलाय. पण ८० दाखवत असेल किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सर, त्याचे ५ व्होल्ट आणि त्याचा अर्थ तपासा, कारण ईसीएम त्याच्यावरच विसंबून बूस्ट कमी म्हणतोय. व्हॅक्यूमचंही तसंच. पंपाचा आकडा मॅन्युअलपेक्षा पाचसहा किलोपास्कलने कमी आला तर पंप मेलेला नसतो, आपण डोंगरावर आहोत एवढंच. मग अ‍ॅक्च्युएटरला हातपंपाने व्हॅक्यूम देऊन दांडा सरळ, न अडखळता हलतो का आणि सोडेपर्यंत व्हॅक्यूम टिकतो का ते बघा. दांडा नीट हलतो, पाइप शाबूत आहेत, शाफ्टला आडवं खेळणं नाही, तर टर्बोला हात लावायचं कारण उरत नाही.

शेवटी रस्त्यावर. गॅरेजच्या दारात फिरवून ‘ठीक आहे’ म्हणू नका. कुटुंबाला घरी ठेवा, शेजारी लॅपटॉप किंवा स्कॅनर घेऊन बसणारा माणूस घ्या, आणि नवले पुलाकडून बोगद्याकडेच चढा, तिसऱ्या गिअरमध्ये, डाव्या लेनमधून. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट या दोन रेषा एकमेकींच्या मागे मागे चालल्या पाहिजेत. स्कॅनर चालकाने बघायचा नाही. त्या उतारावरून येणारे ट्रेलर काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

मला परत लिहाल तेव्हा तीन आकडे पाठवा: बॅटरीचा व्होल्टेज, बल्ब पेटता असताना सप्लाय पिनवरचा व्होल्टेज, आणि कॉइलचा गरम रेझिस्टन्स. सोबत पी ००४५च्या फ्रीझ फ्रेमचा फोटो. आणि बदललेला जुना सोलेनॉइड गॅरेजमधून परत मागून घ्या, बहुतेक चांगलाच असणार.